छपरातून गेलेल्या बाई

सोमवार, ६ मे

पिपला आज काय झालं होतं कोण जाणे. सुट्टी म्हणून आम्ही दोघी पुलाजवळच्या चहाच्या दुकानात गेलो होतो. स्कोनचा गोड पाव फोडता फोडता ती म्हणाली, "थेल्मा, या वर्षी ते वाक्य मी म्हणू का?"

"कुठलं वाक्य?" मी विचारलं. आमच्यात जणू दुसरं एखादं वाक्य आहे.

"तुला माहितीये कुठलं. एकदाच. मग पुन्हा तूच म्हण की."

मला आधी हसूच आलं. म्हटलं, "अगं, सिनेमात पडद्यावर मी आहे. तू मागे तोंडाला काजळी फासून उभी आहेस. लोकांना काही कळायला नको?"

तिने नाकातून एक छोटासा श्वास घेतला. बोलण्याआधी असा श्वास घ्यायची तिची लहानपणापासूनची खोड आहे. डॉक्टरांच्या घरातली मुलगी, हवासुद्धा मोजून घ्यायची, असं माझी आई म्हणायची. पण श्वास घेऊन ती स्कोनला लोणी लावत बसली, आणि तो तिने खाल्लाही नाही. गळ्याला मे महिन्यात लोकरी स्कार्फ. म्हातारपणी माणसं नाटकी होतात.

इतकी वर्षं पोटात होतं ते शेवटी ओठावर आलं. दरवर्षी गावच्या हॉलमध्ये आमचा सिनेमा लागतो तेव्हा मी बघते. सगळा हॉल ते वाक्य ओरडतो, आमचे पाद्री ओरडतात, खुर्चीवर उभी केलेली चार वर्षांची पोरं ओरडतात, आणि पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसलेली पिप तेवढी ओठ मिटून समोर बघते. मत्सर आहे, दुसरं काय. मैत्रीण आहे म्हणून मी कधी बोलून दाखवलं नाही.

बुधवार, ८ मे

क्लिफर्ड येऊन गेला. तो पूर्वी भूगोल शिकवायचा, आता आमच्या हॉलच्या समितीचा अध्यक्ष आहे आणि नकाशा समजावल्यासारखा बोलतो. 'तपासणीचा दिवस' हा आमचा सिनेमा लंडनच्या जुन्या फिल्मांच्या संग्रहालयाने धुऊनपुसून नवा केला आहे, आणि ती नवी प्रत पहिल्यांदा लागणार आमच्या क्रॅगवेलच्या हॉलमध्ये, बावीस जूनला. कारण त्याचं चित्रीकरण इथेच झालं.

"कार्यक्रमपत्रिकेसाठी एक पान लिहा, थेल्मा," तो म्हणाला. "हा सिनेमा लोकांना अजून का आवडतो, ते. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

त्याला लिहून दिलं ते सभ्य आहे. खरं इथे लिहिते.

मुलींची शाळा. गालगुंडाने सगळ्या शिक्षिका अंथरुणाला खिळलेल्या, मुख्याध्यापिका घोड्यांच्या शर्यतीला गेलेल्या, आणि त्याच दिवशी सरकारी तपासनीस दारात. मग मुलीच शिक्षिका होतात. कपाटात गाढव, घंटेच्या दोरीला वाळत घातलेले मोजे, स्वयंपाकघरात सुरुंग. शेवटी तपासनीस प्रयोगशाळेत येतो तर सगळीकडे धूर, छपराला भोक, आणि मध्ये दोन वेण्यांची एक चिमुरडी हात मागे बांधून उभी. तो विचारतो, "तुमच्या बाई कुठे आहेत?" आणि ती अगदी अदबीने म्हणते, "बाई आत्ताच गेल्या, सर." मग थांबते. मग, "छपरातून."

ती चिमुरडी मी. अकरा वर्षांची. माझी आई चित्रीकरण झालं त्या इमारतीतल्या खऱ्या शाळेत भांडी घासायची, बाप चुन्याच्या खाणीत, आणि सिनेमा कंपनीच्या लोकांनी गावातल्या पन्नास पोरींतून मला निवडलं.

आता का आवडतो म्हणाल, तर अशा शाळेत आमच्यापैकी कुणीच गेलेलं नाही, तरी सगळ्यांना तिची आठवण येते. क्लिफर्डच्या हातावर त्याच्या शाळेत छडीचे वळ उठायचे. हॉलमध्ये सर्वात मोठ्याने हसतो तो हाच. माझ्या मते कारण सोपं आहे. त्या सिनेमात कुणाला शिक्षाच होत नाही. मोठी माणसं सगळी खुळी आहेत, पोरी सगळ्या हुशार आहेत, आणि जे मोडतं ते पुढच्या दृश्यात कुणीतरी उचलून ठेवलेलं असतं. नातवंडांना घेऊन आजोबा येतात, ते नातवंडांसाठी येत नाहीत.

आणि दुसरं कारण म्हणजे ते वाक्य. एका वर्षी नेमकं त्याच जागी यंत्राचा आवाज गेला. मी पहिल्या रांगेत होते. उठले आणि म्हणून टाकलं. हॉल नुसता डोक्यावर घेतला लोकांनी. तेव्हापासून तशी पद्धतच पडली. दरवर्षी त्या जागी आवाज बंद करतात, मी उभी राहते, "बाई आत्ताच गेल्या, सर" म्हणते, थांबते, आणि मग अख्खा हॉल माझ्याबरोबर, "छपरातून." लीड्सहून माणसं येतात त्यासाठी. नवऱ्याच्या मागे मी कोण आहे असं कुणी विचारलं असतं, तर मी हे सांगितलं असतं.

आईला सिनेमा कधी कळला नाही. पहिल्या खेळाला सगळं गाव होतं. माझं वाक्य झालं आणि ती अंधारात मोठ्याने म्हणाली, "ही आपली थेल्मा न्हाय. आपली पोर अशी बोलत न्हाय." लोक खो खो हसले. मला धरणीने पोटात घ्यावंसं झालं. आता स्वतःचा आवाज यंत्रातून वेगळा ऐकू येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शिवाय चित्रीकरणाच्या दिवशी एका बाईंनी सकाळभर माझ्याकडून ते वाक्य शुद्ध घोकून घेतलं होतं. आई पुन्हा तो सिनेमा बघायला आली नाही.

त्या हिवाळ्यात पिपने मला मदत केली, हे मात्र नोंदवलं पाहिजे. ती नुकतीच लंडनला मावशीकडे जाऊन आली होती, माझ्यासाठी रंगीत पेन्सिलींचा मोठा डबा घेऊन. मी तिला म्हटलं, मला कायम सिनेमातल्यासारखं बोलायचंय. दर शनिवारी डॉक्टरांच्या घरी शेकोटीपाशी बसून ती माझ्याकडून एकेक शब्द म्हणवून घ्यायची. "असं नाही, थेल्मा. सिनेमात तू कशी म्हणालीस, तसं." त्याच बोलण्यावर मला मुलींच्या मोठ्या शाळेत कार्यालयात नोकरी लागली. फोनवर पालक मलाच मुख्याध्यापिका समजायचे.

तेव्हा वाक्य तिला द्यायचा प्रश्नच येत नाही.

रविवार, १९ मे

चर्चनंतर पिप माझ्याकडे चहाला. आवाज बसलाय तिचा. विचारलं तर म्हणे फुलांचे परागकण. दर मंगळवारी शेफील्डला काय जातेस म्हटलं, तर म्हणे दातांचं काम. इतके दात तिला आहेत तरी का, हे मी विचारलं नाही.

दुसरा कप घेताना म्हणाली, "थेल्मा, मला तुला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं."

"वाक्याचं असेल तर नको," मी म्हटलं.

"वाक्याचंच आहे. पण तसं नाही."

"मग तर नकोच. पिप, तुला डॉक्टरांचं घर मिळालं, कॉलेज मिळालं, लंडन मिळालं. एक वाक्य माझ्याकडे आहे."

तिने तो श्वास घेतला. मग म्हणाली, "केक छान झालाय." केक विकतचा होता आणि तिला ते ठाऊक होतं. तिचा एक डबा माझ्याकडे पडून होता, तो धुवून परत दिला. दारात उगीचच बराच वेळ उभी राहिली.

गुरुवार, ३० मे

संग्रहालयातून फोन. इमोजेन नावाची मुलगी, आवाजाची साफसफाई तिच्याकडे होती. म्हणाली, "मिसेस बॅगशॉ, तुमच्यासाठी एक गंमत सापडलीय. फोनवर नाही सांगणार. मंगळवारी घरी येऊन ऐकवते." लंडनची माणसं माझ्याकडे स्वतःहून येताहेत. खिडक्यांचे पडदे धुवायला काढले. पिपला फोन करून सांगितलं.

"मी पण येऊ?" तिने विचारलं.

"तुझ्या दातांचा वार आहे ना तो," मी म्हटलं.

मंगळवार, ४ जून

गोड मुलगी आहे इमोजेन. नाकात खडा, पायात खाणीतल्या माणसांसारखे बूट. ओटच्या पिठाची धिरडी, ओटकेक, केले होते ते तिने चीज घालून तीन खाल्ले. मग स्वयंपाकघराच्या टेबलावर संगणक उघडला आणि माझ्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले.

"चित्रीकरणाच्या दिवशीची मूळ ध्वनिफीत," ती म्हणाली. "कुणीतरी चुकीच्या डब्यात ठेवली होती. ऐका."

आधी खरखर. एक पुरुष काहीतरी आकडा ओरडला. लाकडी पाटीचा टक. मग तपासनीसाचा आवाज, "तुमच्या बाई कुठे आहेत?" आणि मग एक पोर. कुठली तरी खेडवळ पोर, नाक चोंदलेली.

"बाई आत्ताच गेल्या जी. छपरातनं."

मी म्हटलं, "ही कोण?"

इमोजेन हसली. "तुम्हीच की."

पुन्हा लावलं तिने. बाई आत्ताच गेल्या जी. मागे कुणीतरी पुरुष हसतो आणि दुसरा म्हणतो, "चेहरा सोन्यासारखा आहे. आवाज नंतर बघू."

"मग सिनेमात?" मी विचारलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. बिचारीचा चेहरा पडला. "तुम्हाला... मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तेव्हा सर्रास करायचे असं. ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा. शाळा मोठ्या घरच्या मुलींची दाखवायची, मग... सॉरी. मला खरंच वाटलं की तुम्हाला आवडेल."

"आवडलं ना," मी म्हटलं. "सिनेमातलं लाव बघू एकदा. तेही कानात."

आयुष्यात मी ते वाक्य असं कानाला चिकटवून कधी ऐकलं नव्हतं. हॉलमध्ये लोकांचा गलका असतो, घरच्या टीव्हीला कुठला एवढा आवाज. बाई आत्ताच गेल्या, सर. मग ती थांबते. आणि 'छपरातून'च्या आधी, त्या शांततेत, नाकातून एक छोटासा श्वास.

इमोजेनला मी बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. ती वाटेत काय काय बोलली ते आठवत नाही. येताना माझी फाटकाची किल्ली सापडेना, आणि फाटकाला तर कुलूप कधी नसतंच.

बुधवार, ५ जून

झोप नाही. सकाळी तशीच पिपकडे गेले, न्याहारीच्या वेळी. ती ड्रेसिंग गाऊनमध्ये होती, गळ्याला तोच स्कार्फ.

"मावशीकडे गेली होतीस ना लंडनला," मी म्हटलं. "पेन्सिली आणल्यास."

ती दार धरून उभी राहिली. "आत ये, थेल्मा."

"मावशी होती तरी का लंडनला?"

"नव्हती," ती म्हणाली. आवाज घोगरा, फाटलेला. "बाबांच्या ओळखीने त्यांनी बोलावलं होतं. काळोखी खोली. पडद्यावर तू, आणि तुझे ओठ हलतील तसं मी बोलायचं. बन दिला खायला. म्हणाले कुणाला सांगू नकोस, त्या पोरीला वाईट वाटेल. मी अकरा वर्षांची होते, गं."

"अकरानंतर बारा होतात. वीस होतात. साठ होतात."

"पहिल्या खेळानंतर सांगणारच होते. तू गिरकी घेत बाहेर आलीस. काय सांगू? मग तू म्हणालीस, मला असंच बोलायला शिकव."

"आणि तू शिकवलंस."

"तू मागितलंस म्हणून."

"तुझा आवाज मला नेसवलास, पिप. दर शनिवारी. आणि म्हणालीस हा तुझाच आहे. माझी आई एवढ्या लोकांत एकटी खरं बोलली, तिला अख्खं गाव हसलं. तू तिथेच बसली होतीस. तूही हसलीस का?"

ती म्हणाली, "मी रडत होते. तू बघितलं नाहीस."

"बरोबर आहे. मी पडद्याकडे बघत होते."

ती खुर्चीवर बसली, खोकली, पाणी प्यायली, गिळायला फार त्रास होत होता तिला. पुन्हा म्हणाली, "अजून एक सांगायचंय, थेल्मा." मी म्हटलं, आता आणखी काय, माझ्या लग्नात 'हो' पण तूच म्हणालीस का? आणि निघून आले.

चोराने काही नेलं असतं तर माणूस हळहळतो आणि कुलूप बदलतो. ही रोज माझ्या ओट्यापाशी बसून चहा प्यायली. दरवर्षी मी उठून तिचा आवाज काढून दाखवायचे आणि ती शेजारी बसून ऐकायची. मनात काय म्हणत असेल? नकलाकाराला बघावं तशी बघत असेल मला. आणि मी तिला मत्सरी समजत होते. तिने माझं तेवढंही खरं ठरू दिलं नाही.

बुधवार, १२ जून

ठरवलंय. कुणाला काही सांगणार नाही. बावीस तारखेला आवाज बंद होईल, मी उभी राहीन आणि माझ्या आवाजात म्हणेन. जी. छपरातनं. आई बोलायची तसं. लोकांना कळेल ते कळेल, पिपला बरोबर कळेल.

स्वयंपाकघरात म्हणून बघते. येतच नाही. शब्द सगळे बरोबर आहेत पण ते तोंडात मावत नाहीत. खेड्यातल्या मोलकरणीचं काम करणाऱ्या नटीसारखं वाटतं. आज फळीवरच्या आईच्या फोटोसमोर म्हटलं आणि शरमेने फोटो पालथा ठेवला.

पिपचे दोनदा फोन आले. उचलले नाहीत. फोनच्या निरोपाच्या यंत्रावर नुसती घरघर ठेवली होती तिने, शब्द कळतील तर शपथ. क्लिफर्डला सांगितलं की पहिल्या रांगेत माझ्या शेजारी कुणी नको, पाय लांब करावे लागतात.

रविवार, २३ जून

झालं एकदाचं.

हॉल काठोकाठ. दारात अंड्याची सँडविचेस, चहाचा मोठा बंब, आणि बंबाशी पिप. क्लिफर्डने तिला तिथे उभी केली होती की तीच राहिली होती, ठाऊक नाही. सिनेमातल्या पोरींसारख्या गवती टोप्या घातलेल्या साठीच्या बायका, गाढवाचे कान लावलेले त्यांचे नवरे. लंडनचे लोक मागे. इमोजेनने मला लांबूनच हात केला, घाबरत.

सिनेमा इतका स्वच्छ झालाय की माझ्या वेणीची सुटलेली फीत दिसते. लोक पहिल्या मिनिटापासून हसत होते. मीही एकदा हसले, गाढवाला, विसरून. तेवढ्यासाठी मला माझाच राग आला.

मग प्रयोगशाळा. धूर. "तुमच्या बाई कुठे आहेत?" आवाज बंद झाला. मी उभी राहिले.

तोंड उघडलं. आईचं बोलणं आणायला गेले. काही नाही. पडद्यावर माझे ओठ हलून संपले, चित्र त्यांनी नेहमीसारखं तिथेच थांबवलं, आणि मी तशीच उभी. मागून कुणीतरी खुदकन हसलं. त्यांना वाटलं या वर्षी मी जास्त थांबतेय, मजा वाढवतेय. एक पोरगं कुजबुजलं, "आजी विसरली." आणि मग आपोआप आलं, रोज येतं तसं. "बाई आत्ताच गेल्या, सर." आणि मी नाकातून एक छोटासा श्वास घेतला. मीच घेतला. जन्मभर घेत आले असणार. "छपरातून," सगळा हॉल ओरडला.

मागे वळून बंबाकडे पाहिलं. पिप हातात कप धरून उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते. पहिल्यांदाच. त्यातून आवाज येत होता की नाही, त्या गलक्यात कळलं नाही.

नंतर खुर्च्या उचलताना क्लिफर्ड म्हणाला, "पिपचं बुधवारचं ऑपरेशन चांगलं होवो म्हणजे झालं. आवाज कायमचा जाणार म्हणजे अवघडच. पण गाठ मोठी आहे म्हणे, स्वरयंत्रच काढावं लागतंय. तुम्ही असालच तिच्याजवळ."

"अर्थात," मी म्हटलं. "मला सगळं माहीत आहे."

क्लिफर्डला माहीत. समितीला माहीत. बंबात पाणी भरणाऱ्या पोरीला माहीत. मला दातांचं काम.

सांगायला काय झालं होतं तिला? 'आवाज जाणार आहे, एकदा मला म्हणू दे,' एवढं बोलली असती तर मी दिलं असतं वाक्य. बहुतेक दिलं असतं.

बुधवार, २६ जून

आज होतं ते. दिवसभर वाटाणे सोलले. फोन केला नाही. संध्याकाळी क्लिफर्ड फाटकातूनच सांगून गेला की पार पडलं.

रविवार, ३० जून

तिचं निरोपाचं यंत्र लागतं का बघायला तिच्या घरी फोन लावला. लागलं. "मी आत्ता घरी नाही," आधी तो श्वास, "निरोप ठेवा." कित्येक वर्षांपूर्वीचा, स्वच्छ आवाज. निरोप ठेवला नाही. परत लावला. असं किती वेळा ते लिहीत नाही.

इमोजेनचं पाकीट आलंय, माझी मूळ फीत तिने एका तबकडीवर घालून पाठवली. ऐकायला यंत्र नाही माझ्याकडे.

शुक्रवार, ५ जुलै

गेले शेवटी शेफील्डला. का गेले ते मला विचारू नये.

पिप पलंगावर बसलेली, एवढीशी. गळ्याला पट्टी, त्यात भोक, तिथून श्वास जातो येतो. नाकातून आता काही नाही. मांडीवर लहान मुलांची असते तशी पांढरी पाटी आणि पेन. तिने लिहिलं, 'आलीस.'

"बस उशिरा आली," मी म्हटलं. द्राक्षं नेली होती, ती तिला चालत नाहीत. नर्सने ती कपाटावर ठेवली. मग आम्ही दोघी खिडकीबाहेरच्या गाड्या बघत बसलो. मला काही विचारायचं नव्हतं आणि तिला विचारता येत नव्हतं.

थोड्या वेळाने तिने लिहिलं, 'ज्युलियनला फोन करशील? सांग, बरी आहे. घाबरलाय.' ज्युलियन तिचा भाचा, कॅनडात असतो, पन्नाशीचा आहे. मी त्याला तो लंगोटात असताना पाहिलंय. नंबर तिनेच लावून दिला आणि यंत्र माझ्या हातात ठेवलं.

"हॅलो," मी म्हटलं. "शेफील्डहून बोलतेय. सगळं ठीक आहे."

पलीकडून, "पिप मावशी?"

मी तोंड उघडायच्या आत तो रडायला लागला. "अगं, ते म्हणाले आवाज राहणार नाही. मला काय वाटलं... अगं, अगदी तसाच आहे गं. काही झालं नाही तुझ्या आवाजाला. बोल ना अजून. काहीही बोल."

त्या यंत्राचा आवाज मोठा होता. पिपला सगळं ऐकू जात होतं. तिने डोळे मिटून घेतले.

"न्हाय रं पोरा," मी म्हणाले. "म्या थेल्मा हाय. थेल्मा बॅगशॉ. तुझी मावशी हितंच बसलीया, बरी हाय. पन आवाज गेला रं तिचा. ह्यो तिचा न्हाय."

नर्स चादर घडी करता करता थांबली. ज्युलियन म्हणाला, "माफ करा, कोण?"

मी पुन्हा सांगितलं. तसंच आलं. स्वयंपाकघरात फोटोसमोर मरमर मेले तरी जे येईना, ते आलं. मी बोलत होते आणि मला आईच्या हाताला येणारा साबणाचा वास येत होता. त्याला समजावलं, तो शांत झाला, फोन ठेवला.

पिपने डोळे उघडले. पहिल्या खेळात ती रडत होती म्हणते, तेव्हा असंच रडली असेल, काही आवाज न करता. तिने पाटी ओढून घेतली आणि पेनचं टोपण काढलं. ती काय लिहिणार ते मला ठाऊक होतं. माफी मागितली असती. नाहीतर काहीतरी चांगलं लिहिलं असतं, आणि मला ते पुन्हा जन्मभर वागवावं लागलं असतं.

मी तिच्या हातातून पाटी काढून घेतली आणि कपाटावर द्राक्षांच्या मागे ठेवून दिली.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "आज म्या बोलनार."

खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सुरुवात केली, पेन्सिलींच्या डब्यापासून. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मी अजून पहिल्या खेळापर्यंतही आले नव्हते. नर्स दोनदा डोकावून गेली, आणि दोन्ही वेळा पिपनेच तिला हाताने परत पाठवलं.